कर्नलला आयता कंपायलर चालत नाही

‘उबुंटूत जीसीसी आहेच. दोन-चार फ्लॅग लाव आणि कामाला लाग.’ स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला निघालेल्या विद्यार्थ्याला हा सल्ला हमखास मिळतो. जोडीला लिनस टोरवाल्ड्स यांचा दाखला असतो: त्यांनी कुठे वेगळा कंपायलर शोधला होता?

शोधला होता. १९९१ साली ते मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करत होते. मिनिक्सबरोबर तिचा स्वतःचा कंपायलर येत असे. तो सोडून त्यांनी लिनक्सची पहिली आवृत्ती जीसीसी १.४० ने बांधली.

आयत्या कंपायलरचा दोष दर्जाचा नाही, गृहीतकांचा आहे. आपला प्रोग्रॅम लिनक्सवरच चालणार, सोबत ग्लिबसी ही सी लायब्ररी असणार, असं उबुंटूतला जीसीसी धरून चालतो. म्हणून तो न सांगताच स्टॅकच्या रक्षणाचा कोड घालतो, आणि कर्नल लिंक करताना ‘__स्टॅक_चेक_फेल’ सापडत नाही म्हणून लिंकर अडतो. ते फंक्शन पुरवणारी लायब्ररी इथे नाहीच. तिला आधार देणारी सिस्टिमच अजून लिहून व्हायची आहे. फ्लॅगने हे रक्षण बंद करता येतं, हे खरं. ही चूक निदान ओरडून सांगते.

रेड झोनची चूक गप्प बसते. ६४-बिट एक्स८६ वर लिनक्स जी एबीआय पाळतं, तिच्यात स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट कंपायलरला मोकळे असतात. दुसऱ्या कुणाला न बोलावणारं छोटं फंक्शन पॉइंटर न हलवताच आपले आकडे तिथे ठेवतं. साध्या प्रोग्रॅममध्ये यात काही बिघडत नाही. कर्नलमध्ये मात्र नेमका तेव्हाच टायमरचा इंटरप्ट आला, की प्रोसेसर परतीचा पत्ता त्याच स्टॅकवर, त्याच जागी लिहितो. फंक्शन पुढे चालू होतं तेव्हा त्याचे आकडे पुसलेले असतात. विद्यार्थी रात्र-रात्र स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधतो, आणि ती तिथे नसतेच. ‘-एमनो-रेड-झोन’ हा फ्लॅग आहे, पण तो आपल्या फायलींपुरता. १२८ बिटांच्या भागाकारासारख्या कामाला जीसीसी लिबजीसीसीतलं फंक्शन बोलावतो, आणि ती लायब्ररी रेड झोनसकट आधीच बांधलेली असते.

मग लिनक्सचा कर्नल रोज अशाच जीसीसीने बांधला जातो, तो कसा? आक्षेप रास्त आहे. उत्तर त्याच्या मेकफाइलमध्ये आहे. तिथे तीसेक वर्षांचे धडे फ्लॅग होऊन बसले आहेत, आणि एक्स८६ वर तो लिबजीसीसी जोडतच नाही. २००९ चा धडा घ्या. लिनक्सच्या ‘टन’ या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल आहे का, हे नंतर तपासलं होतं. वापरला म्हणजे नल नसणारच, असा तर्क करून जीसीसीने ती तपासणीच काढून टाकली. त्या फटीतून रूटचा ताबा मिळतो, हे सुरक्षा संशोधक ब्रॅड स्पेंगलर यांनी दाखवलं. पुढे तो तर्क बंद करणारा फ्लॅग कर्नलने कायमचा लावून घेतला. नवख्याच्या मेकफाइलमागे असा इतिहास नसतो.

जीसीसी की क्लँग, हा वाद त्यामानाने किरकोळ. फ्रीबीएसडीने २०१४ च्या १०.० आवृत्तीत क्लँग स्वीकारला. २०१७ च्या पिक्सेल २ फोनचा कर्नलही क्लँगने बांधलेला होता. दोन्ही चालतात. खाली कुठलीच सिस्टिम नाही, असं मानणारं टार्गेट मात्र हवंच.

महाराष्ट्रातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत वर्षानुवर्षं टर्बो सी शिकवलं गेलं. निळा पडदा, कंट्रोल-एफ९, उत्तर हजर. हा कंपायलर डॉससाठी १६-बिट कोड काढतो आहे, हा मुद्दा वर्गात निघालाच नाही. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणाऱ्यांना विनंती: पहिल्या प्रात्यक्षिकात कर्नल नको. बिनयुटिल्स आणि जीसीसीचा सोर्स हातात द्या, ‘एक्स८६_६४-एल्फ’ टार्गेटचा कंपायलर विद्यार्थ्यांकडून बांधून घ्या, लिबजीसीसी रेड झोनशिवाय बांधायला लावा. साध्या लॅपटॉपवर हे काम एका दुपारी होतं.