कौलांआधी नाव बघा

कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा १८८४ मध्ये एका विधवा राणीने, आनंदीबाईंनी, दत्तक घेतला. तेच आपले शाहू महाराज. २०२२ मध्ये त्यांच्याच जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. सरकारने इतर गावांनाही तेच सांगितलं. बांगड्या फोडणं थांबेल. पण तिच्या छपराचं काय?

एनएसएसच्या शिबिरात तुम्ही पावसाआधी तिचं घर शाकारून द्याल. भारीच! पण आधी घरपट्टीची पावती बघा. नाव कुणाचं? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या मिळकतीत तिला मुलांइतकाच वाटा आहे. नोंदच नसेल, तर उद्या दीर 'घर सोड' म्हणाला की ती कागद कुठून दाखवणार?

कौलं एका रविवारी होतील. वारस नोंदीसाठी ग्रामपंचायतीत चार हेलपाटे पडतील. तेही तिच्यासोबत माराच.