पितळी फिल्टर आणि आम्ही

मराठी माणूस म्हणजे चहाचा भक्त, अशी पुण्याकडील आमच्या आप्तांची ठाम समजूत आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या बेळगावात नांदलेल्या आमच्या घरात पहाटे प्रथम दरवळतो तो कॉफीचा सुवास. बाबा बुडन नामक सत्पुरुषाने येमेनमधून सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, अशी आख्यायिका आहे. त्या पुण्याचे फळ आम्ही वडिलार्जित पितळी फिल्टरमधून अखंड चाखीत आलो.

गतवर्षी एका मध्यरात्री छातीत आग उसळली आणि आम्ही घाबरून उठून बसलो. सौभाग्यवतींनी तत्काळ इस्पितळ गाठविले. हृदयाचा आलेख निर्दोष निघाला. डॉक्टर म्हणाले, "सर, हृदय उत्तम आहे. जठरातील आम्ल वर चढते आहे. कॉफी किती घेता?" आम्ही पाच पेल्यांची कबुली दिली.

अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. ते सैलावले की आम्ल वर येते. कॉफीने हे कडे सैल पडू शकते, शिवाय आम्लही अधिक स्रवते. दोष एकट्या कॅफीनचा नव्हे. कॅफीन काढलेली कॉफीही आम्ल वाढविते.

आम्ही कॉफी वर्ज्य केली. दोन दिवस डोके ठणकले, ते सोसले. परंतु "एकटीसाठी काय करायची?" असे म्हणून सौभाग्यवतींनी फिल्टर माळ्यावर ठेवला, ते सोसवेना. मुलांची शिक्षणे, लेकीचे लग्न, आईचे आजारपण, सारे निर्णय आम्ही दोघांनी त्या पहाटेच्या अर्ध्या तासात घेतले होते. आता तो अर्धा तास मुका झाला.

आणि महिनाभराचे औषध संपताच जळजळ परतली! तेव्हा आम्ही हजेरीपटाप्रमाणे वही मांडली. काय खाल्ले, केव्हा खाल्ले, केव्हा आडवे झालो, सारे टिपले. महिन्याअखेर खरे अपराधी सापडले: रात्री दहाचे भरपेट जेवण, त्यावर लागलीच अंथरूण, आणि सभा-समारंभांतील तळीव पदार्थ. कॉफी सहआरोपी होती. मुख्य आरोपी नव्हे.

वही पाहून डॉक्टरांनी एका पेल्याची परवानगी दिली. आता आम्ही झोपण्यापूर्वी तीन तास जेवतो. पलंगाच्या उशाकडील पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे दिले आहेत; नुसत्या उशा रचल्याने पोट मुडपते, लाभ होत नाही. डाव्या कुशीवर निजतो. कॉफी न्याहारीनंतरच, रिकाम्या पोटी नाही. पूडही अरेबिकाची घेतो, कारण तिच्यात रोबस्टाच्या सुमारे निम्मेच कॅफीन असते.

वाचकहो, आम्हांस मानवले ते सर्वांस मानवेलच असे नाही. आपली वही आपणच मांडावी. मात्र घास अडकू लागला, वजन घटू लागले, रक्ताची उलटी वा काळे शौच झाले, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. छातीत दुखून घाम फुटला वा कळ हातात उतरली, तर 'पित्त असेल' म्हणून घरी बसू नये.

माळ्यावरचा फिल्टर सौभाग्यवतींनी चिंचेने लखलखीत घासून खाली आणला आहे. पाच पेल्यांचा आता एक झाला. पण तो पूर्वीच्या पाचांहून सावकाश संपतो, आणि बोलणे मात्र पूर्वीइतकेच होते.