हॅनिबल आणि रायबागन : महाकाव्यातला शत्रू कोणाचा आरसा?

(१/७) विजेत्याच्या बाजूने लिहिलेले महाकाव्य शत्रूच्या सेनापतीविषयी काय सांगते? बहुधा त्या सेनापतीपेक्षा विजेत्याविषयीच अधिक. याचे एक उदाहरण रोमचे. दुसरे यवतमाळच्या शेजारचे, पैनगंगेपलीकडील माहूरचे.

(२/७) सिलियस इटालिकस या रोमन कवीने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात ‘प्युनिका’ हे १७ सर्गांचे लॅटिन महाकाव्य रचले. विषय : हॅनिबलशी झालेले युद्ध. हॅनिबलचा झामा येथील पराभव इ.स.पू. २०२ मधला. कवी आणि सेनापती यांच्यात जवळपास तीन शतकांचे अंतर होते.

(३/७) या काव्यातला हॅनिबल युद्धपिपासू आणि वचनभंगी आहे. तरीही कॅनी येथे धारातीर्थी पडलेल्या रोमन कॉन्सल पॉलसचा अंत्यविधी तोच सन्मानाने करवतो. शत्रू क्षुद्र ठरला, तर त्याला जिंकणाऱ्या रोमचा पराक्रमही उणा ठरेल, हे कवी जाणून आहे.

(४/७) आता ‘शिवभारत’. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून कवींद्र परमानंदांनी रचलेले हे संस्कृत काव्य स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. फेब्रुवारी १६६१ मधील उंबरखिंडीच्या लढाईत मुघल सरदार कारतलबखानासोबत माहूरच्या देशमुख घराण्यातील रायबागनही होती.

(५/७) खान अरण्यात कोंडला जातो. काव्यातली रायबागन त्याची चूक त्याच्या पदरात घालते आणि शरण जाण्याचा सल्ला देते. खान द्रव्य देऊन सुटका करून घेतो. शहाणपण शत्रूच्या गोटातले. त्यातून उजळते ती महाराजांची थोरवी. प्रतिपक्षाच्या मुखातून आलेली स्तुती श्रोत्याला अधिक पटते.

(६/७) म्हणून काव्य खोटे ठरत नाही. ‘प्युनिका’च्या तुलनेत ‘शिवभारत’ घटनांच्या फार जवळचे आहे. उंबरखिंडीचा विजयही निर्विवाद आहे. संवाद मात्र कवीचे आहेत. त्यांवरून रायबागनला ‘मनातून स्वराज्याची’ किंवा ‘स्वजनद्रोही’ ठरवणे, दोन्ही अन्यायाचे. काव्यात ती कथानकाला हवे तेवढेच बोलते.

(७/७) वतन सांभाळणारी, मुघल फौजेसोबत सह्याद्रीपर्यंत आलेली ही स्त्री स्वतः काय विचार करत होती? याचे उत्तर फार्सी कागदपत्रांत आणि जुन्या दफ्तरांत शोधावे लागेल. स्वराज्याला आपला शत्रू कसा पाहायचा होता, हे समजण्यासाठी ‘शिवभारत’ अवश्य वाचावे. रायबागनची साक्ष म्हणून ते पुढे करू नये.