हरणारं विधेयक आणि फॉर्ममधली एक अट

आमदाराने काय काम केलं, असं विचारलं की आपल्यासमोर रस्ता, गटार, सभामंडप आणि चौकातली कमान येते. डोळ्यांना दिसतं ते काम. पण घरात कुणी आजारी पडलं की ज्याची गरज लागते ते काम कागदावर असतं. उपचाराचा खर्च कोण देणार, कुणाला देणार, आणि त्यासाठी काय काय दाखवावं लागणार? हे काम बापलेकांच्या दोन पिढ्यांनी कसं केलं, ते आज सांगतो. घराणं अमेरिकेतल्या डेट्रॉइट परिसरातलं आहे, पण गोष्ट बेळगावपर्यंत येते.

जॉन डिंगल (थोरले) 1933 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गेले. 1943 मध्ये त्यांनी दोन सिनेटरांबरोबर सगळ्या देशासाठी आरोग्य विम्याचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. 1955 मध्ये ते वारले आणि त्याच जागेवर त्यांचा 29 वर्षांचा मुलगा निवडून आला. त्याचंही नाव जॉन डिंगल. त्याने दर नव्या सभागृहाच्या सुरुवातीला वडिलांचं विधेयक पुन्हा मांडायचं व्रतच घेतलं. विधेयक हरायचं, हा पुन्हा मांडायचा.

मग त्यातून काय मिळालं? 1965 मध्ये 65 वर्षांवरच्यांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या योजना आल्या. प्रतिनिधिगृहात त्यावर मतदान झालं तेव्हा पीठासनावर धाकटे डिंगल होते. 2010 मध्ये ओबामांच्या काळातला आरोग्य कायदा 219 विरुद्ध 212 मतांनी मंजूर झाला, तेव्हा सभापती नॅन्सी पेलोसींनी वापरलेला लाकडी हातोडा डिंगल यांनीच दिला होता. 1965 चाच तो हातोडा. वडिलांचं विधेयक होतं तसं कधीच मंजूर झालं नाही, पण त्याचे तुकडे कायद्यात उतरत गेले. 59 वर्षांहून जास्त काळ सदस्य राहून 2015 च्या सुरुवातीला ते निवृत्त झाले. अमेरिकी संसदेत इतका काळ दुसरं कुणीच राहिलेलं नाही.

याच माणसाची दुसरी बाजूही बघायला हवी. त्यांच्या भागात डिअरबॉर्न, म्हणजे फोर्ड कंपनीचं मुख्यालय. मतदारांची चूल मोटार कारखान्यांवर पेटायची. त्यामुळे गाड्यांच्या धुराचे आणि इंधनाचे नियम कडक करायला डिंगल यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. 2008 मध्ये त्यांच्याच पक्षाच्या सदस्यांनी 137 विरुद्ध 122 मतांनी त्यांना ऊर्जा आणि वाणिज्य समितीच्या अध्यक्षपदावरून हटवलं आणि तिथे हेन्री वॅक्समन यांना बसवलं. आपल्या भागाचं हित जपणं म्हणजे नेहमी सगळ्यांचं हित जपणं नव्हे. लोकप्रतिनिधीकडे बघताना हे दोन्ही हिशोब मांडावे लागतात.

आता बेळगावकडे येऊ. बेळगाव जिल्ह्यातून 1979 मध्ये अमेरिकेला गेलेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेले श्री ठाणेदार जानेवारी 2023 पासून डेट्रॉइटचे प्रतिनिधी म्हणून त्याच सभागृहात बसू लागले. त्यांच्या राजकारणाबद्दल मतं वेगवेगळी असतील. पण 3 जुलै 2025 रोजी जो मोठा खर्च आणि कर कायदा 218 विरुद्ध 214 मतांनी मंजूर झाला, त्याच्या विरोधातल्या 214 मतांत त्यांचं एक होतं. या कायद्याने मेडिकेडच्या बऱ्याच प्रौढ लाभार्थ्यांना महिन्याला 80 तास काम, शिक्षण किंवा सेवा केल्याचं दाखवण्याची अट घातली. तिच्या अंमलबजावणीसाठी कायद्यातली तारीख 1 जानेवारी 2027 आहे. या कायद्यामुळे 2034 पर्यंत सुमारे 1 कोटी लोक जास्त विमाविना राहतील, असा अमेरिकी संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता.

कायद्याचे समर्थक म्हणतात, धडधाकट माणसाने काम करावं आणि सरकारी पैसा खऱ्या गरजूंसाठी राहावा. ऐकायला रास्त आहे. पण मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि मला अटीपेक्षा ती तपासायची पद्धत आधी दिसते. 2018 मध्ये आर्कान्सा राज्याने हीच 80 तासांची अट लावून बघितली. सुरुवातीला तास नोंदवायची सोय फक्त ऑनलाइन होती आणि ते संकेतस्थळ रात्री 9 ते सकाळी 7 बंद असायचं. काही महिन्यांत 18,000 हून अधिक लोकांचं संरक्षण गेलं. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना ही अट लागू होत होती त्यांतले बहुतेक काम करतच होते किंवा त्यांना सूट मिळायला हवी होती. मार्च 2019 मध्ये न्यायालयाने ती अट थांबवली. रात्री साइट बंद ठेवणं आमच्या लेखी किरकोळ गोष्ट असते. दिवसभर राबून रात्री फोन हातात घेणाऱ्याच्या लेखी ते बंद झालेलं औषध असतं.

आपल्याकडेही प्रश्न असेच आहेत. महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांपर्यंत न्यायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटक सरकारने हरकत घेतली. दोन सरकारांच्या वादात रुग्णाला एकच प्रश्न पडतो: माझं कार्ड कुठल्या दवाखान्यात चालेल? ऑक्टोबर 2024 पासून केंद्राच्या आयुष्मान योजनेत 70 वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आलं. पण त्यासाठी आधारवरून ओळख पटवून कार्ड काढावं लागतं. आपल्यापैकी किती जणांनी आजी-आजोबांचं कार्ड काढलंय?

आधी ते काढूया. आणि मत मागायला कुणी दारात आलं, इंदूरला असो, बडोद्याला असो की खानापुरात, तर कमानीआधी तीन गोष्टी विचारूया. आपल्या जवळचं कुठलं रुग्णालय योजनेच्या यादीत आहे? कार्ड नाकारलं तर दाद कुणाकडे मागायची? आणि या विषयावर सभागृहात तुम्ही शेवटचा प्रश्न कधी विचारला? उत्तर आलं नाही, तर पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं. डिंगल बापलेकांनीही तेच केलं होतं.