फोन आहे, सर कुठे आहेत?

न्यूझीलंडने २०२४ मध्ये शाळांत मोबाइलबंदी केली, तेव्हा गावाहून काकांचा फोन. ‘बघ, तिकडेही कळलं!’ पण काका, ती बंदी शाळांपुरतीच. उच्च शिक्षणात इथे उलटा प्रयोग झालाय. ऑकलंडच्या युनिटेकमध्ये थॉम कॉक्रेन यांनी २००६ नंतरच्या काही वर्षांत प्रॉडक्ट डिझाइनच्या विद्यार्थ्यांना स्मार्टफोन दिले. कामाचे फोटो, व्हिडिओ ब्लॉगवर टाकायचे, त्यावर चर्चा करायची. निष्कर्ष काय? शिक्षक स्वतः त्यात उतरले, तिथेच ते रुजलं. आपल्या पुतण्याच्या कॉलेजात मात्र मोबाइलवरचं शिक्षण म्हणजे ग्रुपवर येऊन पडणारी पीडीएफ. शंका विचारली की उत्तर ठरलेलं, ‘नोट्स टाकल्यात ना!’ पोरांचे फोन काढून घेण्याआधी प्राध्यापकांना त्यावर शिकवायचं प्रशिक्षण द्या की!