बेटावरील शेतकरी आणि मालाची नाव

ज्या शेतकऱ्याच्या बांधापासून बाजारपेठेपर्यंत सडक पोहोचली आहे, त्यास वाहतुकीचा एक मार्ग अडला तर दुसरा शोधता येतो. ट्रक मिळाला नाही तर टेंपो मिळतो. एका अडत्याकडे भाव पडला तर गाडी दुसऱ्या गावी वळविता येते. बेटावरील शेतकऱ्यास ही मोकळीक नसते. त्याच्या मालास एकच दार असते आणि ते आठवड्यातून ठरावीक दिवशीच उघडते. त्या दाराची किल्ली कोणाच्या हाती असावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न शेतीइतकाच महत्त्वाचा आहे. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांचा अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. (हवाई हे बेटांचे नाव आहे, त्याचा विमानांशी संबंध नाही.)

हवाई हे अमेरिकेचे एक राज्य असून त्याची मुख्य बेटे आठ आहेत. सुमारे चौदा लाख लोकसंख्येपैकी दहा लाखांच्या आसपास लोक एकट्या ओआहू बेटावर राहतात. होनोलुलूची मोठी बाजारपेठ तेथेच आहे. मात्र पपई, कॉफी, रताळी, भाजीपाला व गुरे यांचा मोठा भाग इतर बेटांवर निघतो. पिकविणारा एका बेटावर आणि खाणारा दुसऱ्यावर, अशी ही स्थिती आहे. मधल्या खाड्या वादळी आहेत. हिलो बंदरापासून होनोलुलू सुमारे २०० मैल पडते.

पूर्वी हे काम आगबोटी करीत. मोठ्या बेटावरील गुराखी घोड्यावरून गुरे समुद्रात घालीत, पोहवत होडीपर्यंत नेत, आणि मग ती दोरांनी उचलून आगबोटीवर चढविली जात. असे जनावर बाजारात पोहोचेपर्यंत त्याचे किती वजन घटत असेल, हे पशुपालकांस सांगावयास नको. लानाई बेटावर १९२२ नंतर अननसाची विस्तीर्ण लागवड झाली, तेव्हा मळेवाल्या कंपनीस आधी कौमालापाऊ येथे बंदर बांधावे लागले. फळे तेथून पडावांतून होनोलुलूच्या कारखान्यात जात. भांडवलदार मळेवाला स्वतःचा धक्का बांधू शकतो. दोन एकरांच्या धन्यास ते शक्य नाही, आणि खरा प्रश्न त्याचाच आहे.

आज बेटाबेटांमधील मालवाहतूक मुख्यतः यंग ब्रदर्स या कंपनीकडे आहे. १९०० मध्ये तीन भावांनी होनोलुलू बंदरात लहानसहान कामांपासून या धंद्यास प्रारंभ केला. कंपनी सपाट तळाचे पडाव टगबोटीने ओढून नेते. मोलोकाईस आठवड्यातून दोन खेपा होतात, लानाईस एकच. कंपनी खासगी असली तरी तिचे दर सरकारी लोकोपयोगी सेवा आयोगाच्या मंजुरीने ठरतात. स्थानिक शेतमालास सर्वसाधारण दरापेक्षा सुमारे ३० ते ३५ टक्के कमी भाडे घेण्याची पद्धत तेथे अनेक वर्षे चालत आली आहे.

ही सवलत योग्यच आहे. परंतु तिचा पाया कच्चा आहे, हे २०२० मध्ये दिसून आले. कोरोनाच्या साथीमुळे पर्यटन थांबले, मालाची आवक घटली आणि कंपनीस मोठा तोटा होऊ लागला. तिने सरकारकडे अडीच कोटी डॉलरची मदत मागितली. काही बंदरांच्या खेपाही कमी करण्यात आल्या. अखेरीस आयोगाने ऑगस्टमध्ये ४६ टक्के तातडीची दरवाढ मंजूर केली. हिशेब करून पाहावा. शंभर रुपये भाड्याच्या मालास ३० टक्के सवलतीने सत्तर रुपये पडत असतील, तर सवलतीचे प्रमाण तेच ठेवूनही दरवाढीनंतर १०२ रुपये पडतात. म्हणजे सवलत कागदावर राहिली तरी शेतकरी पूर्वीच्या बिनसवलतीच्या दराच्याही पुढे गेला. शिवाय खत, पशुखाद्य व यंत्रांचे सुटे भाग याच पडावाने येतात. विकण्याचे भाडे आणि पिकविण्याचा खर्च अशी दोन्हीकडून त्यास झळ बसते.

दोष एकट्या कंपनीचा मानणे न्याय्य होणार नाही. शेतमालाची सवलत इतर मालाच्या भाड्यातून भरून काढावयाची आणि लहान बेटांच्या तोट्याच्या खेपा मोठ्या बंदरांच्या नफ्यातून चालवावयाच्या, अशी ही घडी आहे. व्यापार तेजीत असेतो ती चालते. मंदी आली की प्रथम तीच फाटते. त्यापेक्षा सवलतीची रक्कम राज्याच्या अंदाजपत्रकात शेतीखात्याच्या नावे उघडपणे घालावी, हे अधिक सरळ होय. सडक बांधताना तिचा खर्च कोणी पहिल्या बैलगाडीकडून वसूल करीत नाही. बेटाची सडक पाण्यावर आहे, एवढाच फरक.

स्पर्धेने दर उतरतील, असे काहींचे म्हणणे असते. त्यात तथ्य आहे, पण ते होनोलुलू-काहुलुईसारख्या भरभराटीच्या मार्गापुरते. नवा वाहतूकदार तेथेच येईल. मोलोकाईच्या चार पेट्या रताळ्यांसाठी तो वाट वाकडी करणार नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या सुपरफेरीने शेतकऱ्यांस मोठी आशा दाखविली होती. भरलेला ट्रक तसाच नावेवर चढवावा आणि पलीकडे उतरून थेट बाजारात न्यावा, अशी ती सोय होती. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास २०२० पासून जाणारी रो-रो बोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातील लाभ चटकन कळेल. मालाची चढउतार वाचते आणि फळ दाबले जात नाही. परंतु पर्यावरणाची रीतसर पाहणी न करता सेवा सुरू केल्यामुळे कवाई बेटावर लोकांनी तिला अडविले, आणि २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ती बंद पडली. पाहणी टाळून वाचविलेला वेळ शेवटी सारी सेवाच घेऊन गेला.

त्या विरोधामागे एक भीती अशी होती की, गाड्यांबरोबर कीड-रोगही बेटोबेटी जातील. या भीतीस शेतीशास्त्राचा आधार आहे. ओआहूवर विषाणुरोग बळावल्यामुळे पपईची लागवड १९६० च्या दशकात मोठ्या बेटावरील पुना भागात गेली. १९९२ मध्ये रोग तेथेही पोहोचला. कॉफीचे फळ पोखरणारा भुंगेरा २०१० मध्ये कोना भागात सापडला आणि २०२० पर्यंत कवाईपर्यंत गेला. कोकणातील नारळ बागायतदारांच्या परिचयाचा गेंड्या भुंगा २०१३ मध्ये ओआहूवर आढळला, तर २०२३ मध्ये कवाई व मोठ्या बेटावर. ही कीड शेणखतात व कुजणाऱ्या पालापाचोळ्यात वाढते, हे आपल्याकडील बागायतदार जाणतातच. तेव्हा स्वस्त भाड्याने जाणारी खताची पोती तिला किती सोयीची ठरतील, हे उघड आहे.

यासाठी बेटांमधून जाणाऱ्या रोपांची तपासणी शेतीखात्याकडून करून घेण्याचा तेथे नियम आहे. नियम चांगला आहे, पण त्याची सांगड खेपेशी हवी. तपासनीस त्या दिवशी धक्क्यावर नसेल तर मोलोकाईची रोपे तीन-चार दिवस उन्हात पडून राहतील, आणि तपासणीविना सोडली तर पलीकडच्या बेटास धोका. नावेचे वेळापत्रक कंपनीने आणि तपासणीचे खात्याने आपापल्या कचेरीत निरनिराळे आखण्याऐवजी दर मंजूर करणाऱ्या आयोगानेच ते दोन्ही एकत्र बसवून घ्यावेत, आणि तपासनिसाचा पगार शेतकऱ्याच्या भाड्यात धरू नये.