जाहीर आवाहन : न बसणारी रिम बसवू नका!

गाडीमालक, चालक आणि आमच्याच धंद्यातल्या लेथवाल्या, वेल्डिंगवाल्या मित्रांनो,

परवा बाजाराच्या उतारावर एका जुन्या फियाट पुंटोचं पुढचं डावं चाक निखळलं आणि गाडीच्या पुढे पळत थेट भाजीच्या पाट्यांत घुसलं. तिथली मावशी दोन मिनिटं पाणी प्यायला उठली होती, म्हणून आज आवाहन लिहितोय. नाहीतर शोकसभेचा निरोप लिहावा लागला असता. गाडी ओढून गॅरेजात आणली. मालक तेविशीतला पोरगा. म्हणतो, "काका, बोल्ट लूज राहिले असतील."

बोल्ट लूज राहिले नव्हते, बाळा. तू भोकंच लांबट केली होतीस. घरी, अंगणात, मोबाइलवर व्हिडिओ बघत, गोल कानशीने.

प्रकार असा. पुंटोच्या चार बोल्टांचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी, ९८ मिलिमीटर. त्याने जुन्या बाजारातून आणलेल्या स्विफ्टच्या अलॉय रिमांचं १००. "दोनच मिलिमीटरचा तर फरक!" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की आता कानात कानस फिरल्यासारखं होतं. शिवाय स्विफ्टच्या रिमचं मधलं भोक ५४.१ मिलिमीटरचं आणि फियाटचा हब ५८.१ चा. मग तेही ग्राइंडरने मोठं केलं. हाताने ग्राइंडर धरून कुणाचं भोक बरोबर मध्यावर राहिलंय? फियाटला नट नसतात, बोल्ट थेट हबमध्ये जातात. बोल्टाच्या डोक्याखालचा टेपर रिमच्या खळग्यात सगळीकडून बसला, तरच तो धरून ठेवतो. आम्ही चारही बोल्ट टेबलावर मांडले. एकेकाच्या टेपरवर घासल्याची चकाकी फक्त एका बाजूला, चंद्रकोरीएवढी. बाकीचा भाग कोरा. म्हणजे अख्खं चाक चार चंद्रकोरींवर लटकत होतं, आणि मागच्या सीटवर त्याची बहीण बसली होती.

हे एकट्याचं असतं तर कान पिळून सोडून दिलं असतं. दिवाळीपासून असल्या रिमा येतच आहेत. एका गृहस्थांना नव्या थारची सहा भोकांची रिम जुन्या पाच भोकांच्या थारला हवी होती, "मध्ये पाच भोकं पाडून द्या" म्हणून. अहो, कागदावर कंपास फिरवून बघा! १३९.७ च्या त्याच वर्तुळात पाच भोकं आखली की एक जुन्या भोकावरच येतं आणि दोन जुन्या भोकांना खेटून, मध्यापासून मध्यापर्यंत जेमतेम १५ मिलिमीटरवर. मध्ये धातू उरतो कुठे? त्यांना चहा पाजून परत पाठवलं. त्यांनी ते काम दुसरीकडून करून घेतलं, हेही आम्हाला ठाऊक आहे. करणारा आपल्यातलाच आहे. लाज वाटली पाहिजे.

आता नेहमीची उत्तरं. "वर्षभर चालवतोय, काही झालं नाही." चाक एका किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे घेतं आणि दर फेऱ्याला तडा केसाकेसाने पुढे सरकतो. तुमच्या वर्षाचं कौतुक तड्याला नाही. "वेल्डिंग पक्कं मारून घेऊ." अलॉय रिम ओतल्यावर कारखान्यात पाचशे अंशांच्या वर तापवतात, पाण्यात विझवतात, मग मंद आचेवर मुरवतात, तिची ताकद त्यातून येते. वेल्डिंगची आच लागली की जोडाशेजारची ती ताकद गेली. "आमचे आजोबा जीपला काहीही लावायचे." आजोबा तीसच्या वेगाने जायचे.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग लावू नका. हवा काढली, वॉल्व्ह काढला, तरीही नाही. बाहेरून आच लागली की आतल्या रबराचा गॅस होतो, तो पेटतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. ट्रॉलीवाल्यांनो, ऊस तोंडावर आलाय म्हणून घाईत हे करता, आम्ही बघतो.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावलं. कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. विमा कंपनी काय करेल ते वेगळंच.

तेव्हा करायचं काय :

जुनी रिम घ्यायच्या आधी भोकं किती, पीसीडी किती, मधलं भोक किती, ऑफसेट (रिम हबवर किती आत-बाहेर बसते ते) किती, हे लिहून घ्या. चार भोकांची असेल तर समोरासमोरच्या भोकांचं मध्य ते मध्य अंतर हाच पीसीडी. पाचाला असं मोजता येत नाही, आमच्याकडे या. टायरचा घेरही बघा : १५५/८० आर १३ च्या जागी १६५/८० आर १४ घातला तर मीटर ६० दाखवतो आणि गाडी ६४ ने पळते. जुळत नसेल तर घेऊ नका. मध्ये स्पेसरची चकती घालून जुळवू नका. चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनी बोल्ट पुन्हा पान्याने बघा.

पुढचे चार रविवार, सकाळी नऊ ते एक, मार्केट यार्डातल्या आमच्या शेडमध्ये चाकं फुकट मोजून मिळतील. कापलेली, भोकं वाढवलेली रिम आणून द्या. भंगाराचा चालू भाव देऊ आणि तुमच्यासमोर तिचे दोन तुकडे करू, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या गळ्यात पडायला नको. हसायचं तर हसा; टायर फिटिंगला लोखंडी पिंजरा या तालुक्यात आम्हीच आधी आणला, तेव्हाही लोक हसले होते.

धंद्यातल्या भावांनो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, असल्या कामाला नाही म्हणा. जमत नसेल तर आपल्या संघटनेच्या सभासदत्वाचा बिल्ला आणून टेबलावर ठेवा.

पुंटोची ती रिम शेडच्या दारात टांगली आहे. येताना भोकात बोट घालून बघा.

आपले,
तालुक्यातले संघटित गॅरेजवाले